गॅसवर ॲव्हरेज पडलाय? ट्यूनिंगचा स्क्रू फिरवण्याआधी हे बघून घ्या

पेट्रोलच्या गाडीला एलपीजीचं किट लावून ती गॅसवर चालवणाऱ्यांसाठी हे आहे. आधी लक्षणं सांगतो, तुमच्या गाडीचं यातलं काय काय जुळतंय ते बघा.

टाकी पूर्वी जेवढ्या किलोमीटरला संपायची त्याच्या बरीच आधी संपतेय. किंवा गॅस तेवढाच लागतोय पण महिन्याचा एकूण खर्च वाढलाय, कारण पेट्रोलचा काटाही हळूहळू खाली येतोय. चढाला किंवा ओव्हरटेक करताना जोरात पाय दिला की गाडी अडखळते आणि पेट्रोलवर टाकली की व्यवस्थित चालते. सकाळी गॅसवर यायलाच खूप वेळ घेते. सिग्नलला उभी असताना थरथरते. सायलेन्सरमधून कच्च्या गॅसचा वास येतो. इंजिनचा दिवा लागतो, विझतो, चार दिवसांनी परत लागतो. आणि सगळ्यात जास्त वेळा कानावर येणारी तक्रार म्हणजे "दोनदा ट्यूनिंग करून आणलं, आठ दिवस बरं वाटलं, परत तेच".

ट्यूनिंग म्हणजे किटने किती गॅस सोडायचा ते लावणं. या शेवटच्या तक्रारीसाठीच हे सगळं लिहायला बसलोय. मी स्वतः तीन गाड्या गॅसवर चालवल्यात आणि घरातल्या, ओळखीतल्या गाड्यांचा हाच आजार इतक्यांदा काढलाय की तपासायचा क्रम आता डोक्यात पक्का बसलाय. दोष किटमध्ये असतो असं धरून लोक सुरुवात करतात, तिथेच चुकतं. निम्म्याहून जास्त वेळा मला दोष सापडला तो कूलंटमध्ये (इंजिनमधून फिरणारं पाणी), प्लगमध्ये, थर्मोस्टॅटमध्ये (इंजिन तापेपर्यंत ते पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नाहीतर चक्क हिशोबात. आणि मूळ दोष तसाच ठेवून ट्यूनिंग बदललं की तो दोष झाकला जातो, मग पुढच्या माणसाला शोधायला दुप्पट त्रास होतो.

किती फरक पडणं नॉर्मल आहे

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण. वजनाला वजन बघितलं तर ते पेट्रोलपेक्षा थोडं जास्तच उष्णता देतं, पण ते खूप हलकं आहे, एक लिटरचं वजन अर्ध्या किलोच्या जरा वर भरतं, पेट्रोलचं पाऊण किलोच्या आसपास. त्यामुळे लिटरमागे पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते तर एलपीजीमध्ये २५ च्या आसपास. म्हणजे गॅसचे लिटर जास्त लागणारच. धडधाकट गाडी, नीट बसवलेलं सिक्वेन्शियल किट (प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या इंजेक्टरने गॅस देणारं) असेल तर २० ते २५ टक्के जास्त धरून चला. पेट्रोलवर १५ देणारी गाडी गॅसवर १२ ते साडेबारा देत असेल तर ती ठणठणीत आहे, तिला हात लावू नका. जुन्या मिक्सरवाल्या किटला (यात इंजिनच्या हवेच्या ओढीनेच गॅस खेचला जातो) याहून थोडं जास्त लागतं. काळजी करायची ती हा फरक ३५-४० टक्क्यांवर गेला तर, किंवा तुमच्याच गाडीचा जुना आकडा अचानक घसरला तर.

अजून एक, थंडीत बऱ्याच ठिकाणी मिश्रणात प्रोपेनचं प्रमाण वाढवतात, कारण ब्युटेन शून्याच्या आसपासच उकळायचं थांबतं आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत वाफ होतं. पण प्रोपेनमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी असते. त्यामुळे हिवाळ्यात ॲव्हरेज थोडा कमी दिसला तर लगेच गॅरेज गाठू नका, मागच्या हिवाळ्याशी तुलना करा.

पहिली तपासणी: मोजमाप. याला काहीच खर्च नाही

गॅस-पेट्रोलच्या स्विचवरच्या दिव्यांवरून ॲव्हरेज काढू नका, अगदी हात जोडून सांगतो. ते चार-पाच दिवे टाकीतल्या तरंगत्या फ्लोटवर चालतात, गाडी वळली, चढाला लागली की बदलतात आणि शेवटचा दिवा कधी फार लवकर लागतो तर कधी टाकी रिकामी व्हायच्या जेमतेम आधी.

बरोबर पद्धत अशी. टाकी आपोआप थांबेपर्यंत भरा, किलोमीटर लिहा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नोझलला, गाडी तशीच सपाट उभी करून परत आपोआप थांबेपर्यंत भरा. टाकीतला व्हॉल्व्ह ८० टक्क्यांना भरणं बंद करतो, म्हणजे ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटरच बसतात, उरलेली जागा गॅस गरम होऊन फुगला तर त्याच्यासाठी असते. गाडी तिरकी उभी असेल तर फ्लोट लवकर नाहीतर उशिरा थांबवतो आणि तेवढ्याने दोन-तीन लिटरचा फरक सहज पडतो. म्हणून एका टाकीवरून निष्कर्ष काढायचा नाही, सलग तीन टाक्यांची बेरीज करून भागायचं. ८० टक्क्यांच्या वर भरून द्या असं मात्र कुणालाही सांगू नका, कुणी आपणहून भरत असेल तर थांबवा.

तापमानाचाही खेळ आहे. द्रव एलपीजी एका अंशाला साधारण पाव टक्का फुगतं, पेट्रोलपेक्षा बरंच जास्त. थंड सकाळी भरलेला लिटर आणि भर दुपारी भरलेला लिटर यांच्यात २० अंशांचा फरक असेल तर वजनात ५ टक्क्यांच्या आसपास फरक झाला, गाडी तीच, चालवणारे तुम्हीच. आणि तुमच्याकडे गॅस किलोवर मिळत असेल तर किलोचा हिशोब किलोतच ठेवा, लिटरच्या आकड्यांशी त्याची सरमिसळ केली की सगळाच घोळ होतो.

आता सगळ्यात मोठी चूक. लोक पेट्रोल धरतच नाहीत. समजा ५०० किलोमीटरला ३८ लिटर गॅस गेला, कागदावर १३.२ चा ॲव्हरेज आला, खूश. पण त्याच ५०० मध्ये ४ लिटर पेट्रोलही गेलंय, थंड इंजिनला लिटरमागे १२ धरले तर ४८ किलोमीटर पेट्रोलवर झाले, म्हणजे गॅसने ओढले ४५२, खरा ॲव्हरेज ११.९. दोन्ही इंधनं एका वहीत लिहा, गॅसचे लिटर गुणिले त्याचा दर, अधिक पेट्रोलचे लिटर गुणिले त्याचा दर, भागिले किलोमीटर. किलोमीटरमागचा हा खर्च तेवढा खरा, बाकी आकडे फसवतात.

दराचं गणितही इथेच करून टाका. गॅस २५ टक्के जास्त लागतो धरलं तर गॅसचा दर पेट्रोलच्या दराच्या ८० टक्क्यांखाली असेल तरच दोन पैसे वाचतात. समजा तुमच्याकडे गॅसचा दर पेट्रोलच्या ६० टक्के आहे. किट नीट असेल तर किलोमीटरमागे पेट्रोलच्या तुलनेत २५ टक्के वाचतात. तोच गॅस ४० टक्के जास्त लागायला लागला तर वाचतात फक्त १६. गाडी चालतेय, दिवा नाही, त्रास नाही, आणि तरी बचतीतला तिसरा हिस्सा गेला. म्हणून या दोषाकडे दुर्लक्ष करू नका म्हणतो.

वास येत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा

गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. तेव्हा गाडीत, डिकीत किंवा बॉनेटजवळ वास आला तर ॲव्हरेजचा विचार नंतर. गाडी मोकळ्या जागी, इंजिन बंद, टाकीवरचा हाताने फिरवायचा व्हॉल्व्ह बंद, सगळी दारं उघडी, आणि कुठलाही दिवा किंवा स्विच दाबायचा नाही. प्रोपेन हवेच्या दीडपट जड आणि ब्युटेन दुप्पट, त्यामुळे गॅस वर उडून जात नाही, खाली खड्ड्यात, तळघरात, सर्व्हिसिंगच्या पिटमध्ये साचून राहतो. अशी गाडी तळघरातल्या पार्किंगला नेऊ नका. आणि इथून पुढे फक्त गॅसचं काम येणारा माणूस.

वास नाही पण शंका आहे, टाकी उभ्या उभ्या कमी होतेय असं वाटतंय, तर मोकळ्या हवेत, इंजिन बंद करून, भांड्याच्या साबणाचा फेस ब्रशने जोडांवर लावा. भरायची तोटी, टाकीवरचा व्हॉल्व्ह, फिल्टर, रेड्युसर (द्रव गॅसची वाफ करणारा डबा), रेलच्या (गॅसचे इंजेक्टर बसवलेल्या पट्टीच्या) रबरी नळ्या. बुडबुडे मोठे होताना दिसले की सापडलं. पाना घेऊन आवळत बसायचं नाही, तांब्याच्या नळीचे जोड जास्त आवळले की चिरतात. व्हॉल्व्ह बंद करा आणि माणूस बोलवा. काडी किंवा लायटर पेटवून गळती शोधणारे अजूनही भेटतात, त्यांना तिथल्या तिथे थांबवा.

गाडी खरंच गॅसवर चालतेय का

मला सगळ्यात जास्त वेळा उत्तर सापडलंय ते इथे. किट लावलेली गाडी पेट्रोलवरच सुरू होते आणि रेड्युसर ठरावीक तापमानाला आला, साधारण ३० ते ४० अंश, की गॅसवर जाते. रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा असेल तर त्यातले एक-दोन किलोमीटर पेट्रोलवरच जाणार, तेही गार इंजिन जास्त पितं तेव्हाचे. अशा वापरात किटचा दोष काहीच नाही, आणि कितीही ट्यूनिंग केलं तरी बिल खाली येणार नाही. छोट्या चकरा एकत्र करा, एवढाच उपाय.

पण पूर्वी एका किलोमीटरला गॅसवर जायची आणि आता चार लागतात असं असेल तर तापमानाच्या काट्याकडे बघा. मोकळ्या रस्त्यावर काटा नेहमीच्या जागेच्या खाली राहतोय, सिग्नलला उभं राहिलं की वर येतो, असं दिसलं तर थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय असं समजा. बहुतेक गाड्यांत स्वस्तातला पार्ट आहे पण दोन्हीकडून खातो. एक तर गाडी उशिरा गॅसवर येते, आणि दुसरं म्हणजे गाडीच्या मूळ ईसीयूला (इंजिन सांभाळणारा कंप्युटर) इंजिन अजून गारच वाटतं म्हणून तो जास्त इंधन मागत राहतो. सिक्वेन्शियल किटचा कंप्युटर स्वतःच्या मनाने इंधन ठरवत नाही, पेट्रोलचा इंजेक्टर (इंधन फवारणारा) किती वेळ उघडायचा होता तो सिग्नल घेतो आणि त्याला गुणून गॅसचा इंजेक्टर उघडतो. तेव्हा पेट्रोलच्या बाजूला जी चूक असेल ती गुणाकार होऊन गॅसमध्ये येते. हे एक वाक्य डोक्यात ठेवलं तर पुढचं सगळं समजायला सोपं जाईल.

चालत्या गाडीत स्विचकडेही लक्ष ठेवा. जोरात पाय दिल्यावर किंवा चढाला गॅसचा दाब कमी पडला की बरीच किट गुपचूप पेट्रोलवर जातात, गाणी चालू असतील तर बीप ऐकूही येत नाही. आणि ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं त्यात गॅसवर असतानाही थोडं पेट्रोल मुद्दाम चालू ठेवतात, नाहीतर पेट्रोलचे इंजेक्टर तापून खराब होतात, तिथे काटा उतरणं हा दोष नाही. पेट्रोलची टाकी मात्र पाव तरी भरलेली ठेवा, टाकीतला पंप पेट्रोलनेच गार राहतो.

टायर, ब्रेक, एअर फिल्टर

हे पटकन. भरलेली गॅसची टाकी सहज ५० किलोच्या आसपास जाते आणि ती कायम मागच्या चाकांवर असते, तेव्हा मागच्या टायरची हवा गाडीच्या तक्त्यातल्या सामानासकटच्या आकड्याप्रमाणे ठेवा. दहा-पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, एकच जास्त तापलं असेल तर ब्रेक धरतोय, गॅसचा संबंध नाही. एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मिक्सरवाल्या किटमध्ये हा फिल्टर फार महत्त्वाचा, कारण हवा अडली की मिक्सरमधली ओढ वाढते आणि तो रेड्युसरमधून जास्त गॅस खेचतो, मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवेच्या मानाने गॅस जास्त. मी फक्त फिल्टर बदलून सुधारलेल्या गाड्या बघितल्यात, आणि फिल्टर न बघता स्क्रू आवळलेल्याही. त्यांचा फिल्टर नंतर बदलला की गाडी उलट कोरडी चालते, म्हणजे गॅस कमी पडतो, गरम होते.

प्लग आणि कॉइल

पेट्रोलवर मख्खन आणि गॅसवर मिसिंग, असं असेल तर पहिला संशय इग्निशनवर. गॅस आणि हवेचं मिश्रण पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजलेला असेल, गॅप वाढली असेल किंवा कॉइलचं रबर चिरलं असेल तर पेट्रोल ते खपवून घेतं, गॅस नाही.

आता याचा ॲव्हरेजशी संबंध काय ते नीट बघा, कारण इथे भलेभले फसतात. एखादी ठिणगी चुकली की त्या सिलिंडरातला ऑक्सिजन न वापरता बाहेर पडतो. एक्झॉस्टच्या पाइपमधला लॅम्डा सेन्सर ऑक्सिजन बघतो आणि म्हणतो मिश्रण पातळ आहे, गॅस कमी पडतोय. ईसीयू गॅस वाढवतो. म्हणजे गॅस आधीच न जळता बाहेर चाललाय आणि वरून अजून सोडला जातोय. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला बारीक गळती असेल तरी हाच प्रकार, बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो.

प्लग काढून गॅप मोजा, गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकाला ठेवा, फार तर त्याहून ०.१ मिलिमीटर कमी. इरिडियमचे प्लग असतील तर हाताने वाकवू नका, टोक तुटतं, बदलूनच टाका. रंगावरून निदान करताना सांभाळा, गॅसवर प्लग मुळातच स्वच्छ, पांढुरका दिसतो, पेट्रोलचा तपकिरी रंग शोधत बसलात तर उगाच मिश्रण पातळ आहे असं वाटेल. प्लग बदलायची मुदत गॅसवर निम्मी धरलेली बरी. आणि मिक्सरवाल्या गाडीत कधी एअर फिल्टरच्या डब्यातून फटाक्यासारखा आवाज आला तर गॅसवर चालवणं तिथेच थांबवा, तो बहुतेक वेळा चुकलेल्या ठिणगीचा परिणाम असतो आणि डबा फुटू शकतो.

कूलंट आणि रेड्युसर

टाकीतून गॅस द्रवरूपात येतो आणि रेड्युसरमध्ये त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते आणि ती इंजिनच्या गरम पाण्यातून मिळते, हीटरच्या पाइपला जोड देऊन ते पाणी रेड्युसरमधून फिरवलेलं असतं. पाणी कमी पडलं की रेड्युसर गारठतो, गॅस अर्धवट द्रवच पुढे जातो, मिश्रण बिघडतं.

मावसभावाची गाडी अशीच माझ्याकडे आली. चढाला लागली की झटके, मग आपोआप पेट्रोलवर, घाट उतरला की परत गॅसवर. दोन ठिकाणी ट्यूनिंग झालेलं, एका ठिकाणी पूर्ण रेड्युसर बदला म्हणून सांगितलेलं. मी त्याला म्हटलं आधी चांगला लांब चढ चढवून आण आणि इंजिन चालू असतानाच बॉनेट उघड. इंजिनच्या झाकणाला हात लावायची सोय नव्हती इतकं गरम, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर रेड्युसरवर पांढरं दव गोठलेलं, नखाने खरवडलं तर चक्क भुगा निघाला बर्फाचा. आत जाणारा पाइप कोमट, बाहेर येणारा गार. कूलंटची बाटली किमान रेषेच्या खाली. इंजिन गार झाल्यावर पाणी भरलं आणि पाइप बोटाने चाचपत गेलो तर हीटरच्या टी जोडाखाली वाळलेला हिरवा डाग, क्लॅम्प ढिला. थेंब थेंब गळत होतं, गरम इंजिनवर लगेच सुकत होतं म्हणून जमिनीवर कधी दिसलंच नाही. क्लॅम्प बदलला, कूलंट भरून हवा काढली, संपलं. एकही गॅसचा पार्ट लागला नाही. फक्त आधीच्या लोकांनी फिरवून ठेवलेलं ट्यूनिंग परत जागेवर आणायला जावं लागलं.

तर तुम्ही काय करायचं. गार इंजिनला कूलंटची पातळी बघा, गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, वाफेने भाजतं. इंजिन पूर्ण तापल्यावर रेड्युसरचे दोन्ही पाइप हाताने बघा, पंख्यापासून बोटं लांब ठेवून. दोन्ही जवळजवळ सारखेच गरम पाहिजेत. एक गरम आणि एक गार म्हणजे पाणी फिरत नाही, आत हवा अडकलीय किंवा गाळ आहे. रेड्युसर रेडिएटरच्या झाकणापेक्षा उंचावर बसवला असेल तर हवा तिथेच अडकते, आणि घाईत बसवलेल्या किटमध्ये हे दिसतं. कूलंट परत परत कमी होत असेल आणि बाहेर गळती सापडत नसेल तर थांबा, मेकॅनिककडे जा, हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनच्या वरच्या भागाखालचं सील) विषय जाऊ शकतो.

फिल्टर

सिक्वेन्शियल किटला सहसा दोन फिल्टर असतात, एक द्रव गॅसचा, एक वाफेचा. तुंबले की दाब पडतो आणि जोर लागला की गाडी पेट्रोलवर जाते. गॅसबरोबर थोडा जड तेलकट भाग येतो, तो रेड्युसरच्या तळाशी आणि फिल्टरमध्ये साचतो, काळपट, उग्र वासाचा. फिल्टर स्वस्त आहेत आणि किटच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलायचेच असतात, पण ते स्वतः उघडू नका. नळीत दाबाखाली गॅस असतो, द्रव गॅस हातावर उडाला तर त्वचा गोठते. इथून पुढची गॅसची प्रत्येक नळी, प्रत्येक जोड हे त्या माणसाचंच काम.

स्कॅनरने एवढं नक्की बघा

साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) आणि मोबाइल असेल तर गॅरेजला जायच्या आधी एक काम करा, त्याने तुमचे फुकट जाणारे पैसे वाचतील. इंजिन पूर्ण गरम करा. पेट्रोलवर आयडलिंगला शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय ते) लिहून घ्या, मग २५०० आरपीएमला. मग गॅसवर टाकून, काही किलोमीटर चालवून, परत तेच. दोन्ही ट्रिमची बेरीज उणे १० ते अधिक १० मध्ये असेल तर बरं आहे.

पेट्रोलवर शून्याजवळ आणि गॅसवर उणे १५ म्हणजे गॅस जास्त जातोय, ईसीयू तो कमी करायला धडपडतोय. रेड्युसरचा दाब चढलाय, इंजेक्टर बंद झाल्यावरही झिरपतोय किंवा किटच्या कंप्युटरमधला नकाशा (केव्हा किती गॅस सोडायचा त्याचा तक्ता) चुकीचा भरलाय. गॅसवर अधिक १५ म्हणजे गॅस कमी पडतोय, तुंबलेला फिल्टर, पडलेला दाब, दमलेले इंजेक्टर. आणि दोन्ही इंधनांवर आकडा सारखाच वाईट असेल तर किटला हात लावू देऊ नका, दोष मूळ इंजिनात आहे, कुठेतरी हवा आत ओढली जातेय नाहीतर एखादा सेन्सर बिघडलाय.

एक गोष्ट मला बराच उशिरा समजली. ट्रिम मर्यादेत दुरुस्ती करत असतो तोवर ॲव्हरेजमध्ये फार फरक पडत नाही, कारण शेवटी मिश्रण बरोबरच जातं. फटका बसतो तो मर्यादा संपल्यावर, किंवा पूर्ण पाय दिल्यावर जेव्हा ईसीयू लॅम्डाकडे बघायचं सोडून देतो, किंवा गॅसवर शिकलेला चुकीचा आकडा घेऊन गाडी सकाळी गार इंजिनला पेट्रोलवर सुरू होते तेव्हा. म्हणून ट्रिम उणे ८ आहे एवढ्यावरून घाबरू नका आणि कुणाला घाबरवू देऊ नका.

आता थांबा

एवढं करून फरक नाही पडला तर पुढचं घरी करायचं नाही. गॅसच्या इंजेक्टरची रेल झिजते, चार इंजेक्टरमधून चार वेगळ्या मापात गॅस जातो, लॅम्डाला फक्त सरासरी दिसते, एक सिलिंडर घट्ट आणि एक कोरडा. रेड्युसरचे पडदे वयाने कडक होतात, दाब स्थिर राहत नाही. हे मोजायला दाबाचं मीटर आणि किटचं सॉफ्टवेअर लागतं, आणि ट्यूनिंगची खरी वेळही आत्ता येते, बाकी सगळं नीट आहे हे ठरल्यावर. माणसाकडे गेलात की तुमची वही आणि ट्रिमचे आकडे दाखवा. चालत्या गाडीत लॅपटॉप लावून, रस्त्यावर फिरवून ट्यूनिंग करणारा माणूस निवडा. उभ्या गाडीत कानाने ऐकून स्क्रू फिरवणाऱ्याकडे देऊ नका.

आणि एक लक्षण असं आहे की ते दिसलं तर बाकी क्रम सोडून सरळ इंजिनच्या मेकॅनिककडे जा. सकाळी गार इंजिन दोन्ही इंधनांवर थरथरतं, गरम झाल्यावर ठीक होतं, ओढ कमी झालीय. काही इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका गॅसवर लवकर झिजतात, व्हॉल्व्ह आत बसत जातो, क्लिअरन्स (व्हॉल्व्ह पूर्ण मिटावा म्हणून ठेवलेली बारीक फट) संपतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होतो. वेळेत सापडलं तर क्लिअरन्स ॲडजस्ट करून काम भागतं, तसंच चालवलं तर व्हॉल्व्ह जळतो आणि हेड उतरवावं लागतं, मग गॅसवर वाचवलेलं सगळं एका फटक्यात जातं. ज्या इंजिनात क्लिअरन्स हाताने लावावा लागतो तिथे गॅसवर तो पुस्तकापेक्षा लवकर तपासून घ्या, तक्रार नसली तरी.

दुरुस्ती एका वेळी एकच करा. प्लग, फिल्टर, थर्मोस्टॅट, ट्यूनिंग सगळं एकाच दिवशी केलं तर कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात. एक गोष्ट बदला, तीन टाक्या मोजा, वहीत तारीख टाकून लिहा, मग पुढची.